कॉफीचा चोथा आणि कुंडीतली मेथी
(मंडळाच्या वार्षिक सभेत झालेले भाषण)



गेल्या वर्षी याच ठिकाणी उभी राहून मी मोठ्या ऐटीत सांगितले होते की, फिल्टरमधला कॉफीचा चोथा फेकू नका, कुंडीत घाला. आमच्या समोरच्या वहिनींनी ते मनावर घेतले. मेथी पेरून वर दोन बोटे जाडीचा थर दिला. मेथी उगवलीच नाही. टोमॅटोची रोपे वितीएवढी होऊन खुंटली. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला ते गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना दिसले.

तेव्हा चूक कुठे झाली ते सांगते. उकळत्या पाण्यात सगळे कॅफीन उतरत नाही, थोडे चोथ्यात राहते, आणि ते बियांना व कोवळ्या मुळांना बाधते. शिवाय चोथा बारीक. जाड थर वाळला की त्याची खपली धरते. पाणी वरून ओघळून बशीत जाते आणि आतली माती कोरडीच. चोथ्यात शेकडा 2 च्या आसपास नत्र असते हे खरे, पण ते कुजल्याशिवाय झाडाला मिळत नाही. 'चोथा आंबट, म्हणून गुलाबाला चांगला' हेही माझेच बोल! आंबटपणा बहुतेक आपल्या पेल्यात उतरतो. उरलेला चोथा फारसा आंबट नसतो.

मग करावे काय? खताच्या माठात घालावा. पाच वाट्या कचऱ्यात एक वाटी चोथा, त्याहून जास्त नको, आणि सुका पाला भरपूर. अधूनमधून हलवावे. काळसर होऊन मातीसारखा वास आला की खत तयार. थेट घालायचाच तर मोठ्या झाडाला, चिमूटभर भुरभुरून, मातीत मिसळून. बी पेरलेल्या कुंडीत मुळीच नाही.

चहाच्या चोथ्याला एक काम जास्त. आपण चहा दूधसाखर घालून उकळतो, म्हणून तो धुऊन घ्यावा, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते. फिल्टरच्या चोथ्याला ती कटकट नाही.

वहिनींच्या कुंडीतली माती मी स्वतः बदलून दिली आहे. परवा त्यांनी पुन्हा मेथी पेरली. आज सकाळी दोन कोंब दिसले, असे त्यांनी जिन्यात सांगितले.