तीन महिन्यांची उधारी

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘करमणूक उद्योग आणि स्त्रियांचे श्रम’ या सत्रात केलेलं भाषण)



सिनेमा आणि बाई म्हटलं की आपल्या चळवळीला पडद्यावरची बाई आठवते. ऐंशीच्या दशकात आपण अश्लील पोस्टरांना काळं फासलं, बलात्काराची दृश्यं मसाला म्हणून वापरण्याविरुद्ध निदर्शनं केली, मालिकांमधल्या सोशिक सुनांवर लेख लिहिले. ते करायलाच हवं होतं. पण त्या सुनेचे केस ज्या बाईने बांधले, तिच्या लग्नाच्या दृश्यात मागे ज्या पन्नास बायका शालू नेसून दिवसभर उभ्या राहिल्या, त्यांना त्या दिवसाचे पैसे किती मिळाले आणि कधी मिळाले, हे आपण फारसं विचारलं नाही. विडी वळणारीचा हजार विड्यांचा दर आपल्याला तोंडपाठ असतो. सिनेमातल्या बाईचा दर मात्र आपल्यालाही चकचकीत पडद्यामुळे दिसत नाही. म्हणून आज मी प्रतिमेबद्दल बोलणार नाही. हिशेबाबद्दल बोलणार आहे.

सुरुवात फाळक्यांपासूनच करू. १९१२ साली दादासाहेब फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले, ही गोष्ट शाळेतही सांगतात. त्या भांडवलात सरस्वतीबाईंचे दागिनेही होते. शिवाय सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोकं पाडत, फिल्म धुवायला मदत करत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. म्हणजे फाळक्यांच्या चित्रसंस्थेत भांडवल, तंत्रज्ञ आणि खानावळ अशी तिन्ही खाती एकाच बाईकडे होती, आणि तिन्ही बिनपगारी. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारा पुरुष, कारण बाई मिळेना. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला आल्या. नवऱ्यापासून वेगळी होऊन नाटक कंपनीत पोट भरणारी, मुलीला एकटीने वाढवणारी ही बाई. कुलीन घरच्या बायकांना जे काम अब्रूचं वाटत नव्हतं, ते पोटासाठी बाहेर पडलेल्या बाईने पत्करलं. हे पुढची कित्येक वर्षं चाललं. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ तुम्ही वाचलं असेल. त्यातली प्रेमप्रकरणं लोकांच्या लक्षात राहतात. माझ्या लक्षात राहिलं ते हे, की घर चालवायला एक लहान मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी केली गेली.

मग स्टुडिओंचा काळ आला. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, नंतर पुण्याला आली. नट-नट्या, सुतार, रंगारी, वादक सगळे महिन्याच्या पगारावर. आज आपण त्या काळाबद्दल हळवं होऊन बोलतो, पण पगार आहे म्हणजे भांडण नाही असं थोडंच असतं! १९३९ साली शांता आपटे यांनी करार आणि पगाराच्या वादावरून प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं. देशभर गाजलेली गायिका-अभिनेत्री स्वतःच्याच कंपनीच्या दारात उपाशी बसली. पुढच्या वर्षी त्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आलं. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलींना त्यात सल्ला आहे, पण त्याहून जास्त आहे ते या धंद्यातल्या पैशाचं आणि माणसं झिजवणाऱ्या कामाचं वर्णन. नटी ही श्रम विकणारी बाई आहे, हे शांताबाईंनी मराठीत १९४० साली मांडलं. आपल्या अभ्यासवर्गांच्या यादीत हे पुस्तक का नसतं, मला कळत नाही.

पण शांताबाईंच्या बाजूने एक गोष्ट होती. त्यांना फाटक ठाऊक होतं. कुठे बसायचं आणि कोणाविरुद्ध बसायचं, हे स्पष्ट होतं. पुढे तेच गेलं.

दुसऱ्या महायुद्धात काळा पैसा वाढला आणि तो मुरवायला सिनेमा ही सोयीची जागा ठरली. सुटा निर्माता आला. त्याला स्टुडिओ पोसायचा नव्हता. तो मजला भाड्याने घेई, नटाला एकरकमी मोठे पैसे देई आणि बाकीच्यांना रोजावर बोलावी. पगारी कंपन्या या स्पर्धेत टिकल्या नाहीत. स. का. पाटील यांच्या समितीने १९५१ च्या अहवालात हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. तेव्हापासून आजवर या धंद्याची घडण साधारण तीच आहे. प्रत्येक सिनेमा हा जणू एक नवा कारखाना. तो उभा राहतो, शंभर-दोनशे माणसं राबतात, आणि माल तयार झाला की कारखाना मोडून टाकतात. फाटकच नाही, तर उपोषणाला बसणार कुठे?

आता पैसा कसा फिरतो ते पाहू, कारण बाईपर्यंत तो किती पायऱ्या उतरून येतो हे त्याशिवाय समजत नाही. समजा तुम्ही मल्टिप्लेक्समध्ये दोनशे रुपयांचं तिकीट काढलंत. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून गेले २३६. छत्तीस रुपये सरकारचे. उरलेल्या दोनशेचे वाटे थिएटरवाला आणि वितरक यांच्यात. या वाट्यांवरून २००९ साली हिंदी निर्मात्यांनी दोन महिने मल्टिप्लेक्सना नवे सिनेमे दिले नव्हते. तेव्हा जो समझोता झाला तो असा: पहिल्या आठवड्यात निम्मे, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, चौथ्यात तीस. म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितका वितरकाचा वाटा घटत जातो. म्हणून सगळा जोर पहिल्या शुक्रवारवर, आणि पहिला शुक्रवार मोठ्या नटाच्या नावावर चालतो. वितरकाकडे आलेल्या पैशातून त्याचं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च जातो, उरलेल्यातून सावकाराचं व्याज. मोठा नट आधीच घसघशीत रक्कम घेऊन बसलेला असतो आणि वर नफ्यातला हिस्साही मागतो.

१९९८ साली केंद्र सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा दिला. बँकांचं कर्ज मिळू लागलं, कंपन्या शेअर बाजारात आल्या. बँकेला कागद लागतो. त्यामुळे नटाशी लेखी करार, बांधीव पटकथा, विमा हे सगळं आलं. पण हा कागद वरच्या दोन-तीन पायऱ्यांवरच थांबला. खाली अजूनही ‘उद्या सकाळी सातचा कॉल आहे’ हा फोन म्हणजेच नेमणुकीचं पत्र.

मालिकांचं गणित आणखी वेगळं आहे. तिथे तिकीटच नाही. १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली तिची प्रायोजक होती मॅगी. दोन मिनिटांत होणारे नूडल्स घरोघरी पोचवायला मालिका हवी होती. तेव्हापासून धंद्याचं सूत्र स्पष्ट आहे: वाहिनी आपल्याला मालिका विकत नाही, ती जाहिरातदाराला आपल्याला विकते. संध्याकाळी भाजी चिरता चिरता टीव्हीसमोर बसलेली बाई हा तो माल. निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून टीआरपी निघतो आणि त्यावर दर ठरतो. निर्मिती संस्थेला वाहिनी बहुधा प्रत्येक भागामागे ठरावीक रक्कम देते आणि हक्क स्वतःकडे ठेवते. मग निर्मात्याने नफा काढायचा कुठून? दिवसाचे तास ताणून. बारा तासांची शिफ्ट ही तिथे रीत आहे, आणि पॅकअप लांबलं की चौदाही होतात. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, एका आघाडीच्या अभिनेत्रीने बाळ लहान असल्याने आठ तासांची मागणी केल्याच्या बातम्या आल्या आणि केवढी चर्चा झाली! तिची मागणी योग्यच होती. पण तिच्याआधी सेटवर येऊन तिच्या नंतर निघणाऱ्या हेअरड्रेसरलाही घरी बाळ असू शकतं. त्याची बातमी होत नाही.

आता तीन महिन्यांच्या उधारीकडे येते. मालिकांत पैसे नव्वद दिवसांनी मिळतात. जानेवारीचं काम, पैसे एप्रिलमध्ये. कारण असं सांगतात, की भाग प्रसारित होणार, मग वाहिनी निर्मात्याला पैसे देणार, मग निर्माता पुढे. ऐकायला रास्त वाटतं. पण याचा सरळ अर्थ काय? मेकअप दादा, स्पॉट दादा, हेअरड्रेसर, गर्दीतल्या बायका हे सगळे मिळून निर्मात्याला तीन महिन्यांचं बिनव्याजी कर्ज देतात. ज्या बाईने हे कर्ज दिलं, ती स्वतः मात्र त्या तीन महिन्यांत भिशीतून किंवा बचत गटातून व्याजाने पैसे उचलते. देशातल्या एका झगमगत्या उद्योगाचं खेळतं भांडवल मालाड-गोरेगावच्या चाळींतल्या बायका पुरवतात. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही, हिशेब मांडून पाहा. गर्दीतल्या कलाकारांच्या बाबतीत मध्ये सप्लायर असतो आणि तो आपलं कमिशन कापून घेतो. मालिका अचानक बंद पडली, निर्माता अडचणीत आला, की हे कर्ज बुडीत. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली तेव्हा आधीच्या तीन महिन्यांचे पैसेही अडकले, म्हणजे काम नाही आणि केलेल्या कामाचे दामही नाहीत.

कामाची वाटणी कशी राखली जाते, त्याचंही एक उदाहरण घेते. मुंबईच्या सिनेमात पन्नासहून अधिक वर्षं बायकांना मेकअप करण्याचं कार्ड मिळत नव्हतं. मेकअप पुरुषांनी करायचा, बाईने केस बांधायचे. कायद्यात असं काही नव्हतं. नियम होता कामगारांच्या संघटनेचा, म्हणजे आपल्याच बाजूच्या माणसांचा! चारू खुराना या प्रशिक्षित मेकअप आर्टिस्ट होत्या. त्यांनी कार्ड नाकारल्यावर लढा दिला आणि १० नोव्हेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाविरोधी ठरवला. संघटनेचा बचाव काय होता? बायकांना मेकअपचं काम दिलं तर पुरुषांची रोजीरोटी जाईल. मेकअपचा दर केस बांधण्यापेक्षा जास्त, म्हणून तो पुरुषांसाठी राखीव! यंत्रमागापासून छापखान्यापर्यंत हे आपण पाहिलं आहे. स्टंटमध्येही हेच. नायिकेचा कपडा आणि केसांचा टोप घालून पुरुषच उड्या मारत. ‘शोले’मध्ये हेमा मालिनीच्या जागी टांगा हाकणाऱ्या रेश्मा पठाणसारख्या बायका त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. संघटना हवीच. पण संघटनेच्या आत बाईचं कार्ड कोणतं, हे तपासल्याशिवाय तिला टाळ्या देऊ नका.

कायद्यांबद्दल थोडक्यात. सिने-कामगारांसाठी १९८१ चा कायदा होता. लेखी कराराशिवाय काम देऊ नये असं त्यात म्हटलं होतं. पण तो कथाचित्रपटांपुरता, मालिका त्यात नव्हत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. या संहितांवर आपले मोठे आक्षेप आहेत, ते कायमच आहेत. पण एक गोष्ट हाती घेण्यासारखी आहे: त्यात मालिका आणि वेबमालिका यांचे कामगारही आले, आणि लेखी कराराची अट त्यांनाही लागू झाली. ती कागदावर राहू द्यायची की नाही, हे आपल्याकडे आहे.

केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला, तिथल्या स्त्री कलाकारांनी एकत्र येऊन दबाव आणला आणि न्या. हेमा समिती नेमली गेली. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला अहवाल सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये खुला केला. साडेचार वर्षांहून अधिक! वर्तमानपत्रांनी त्यातले लैंगिक शोषणाचे भाग छापले. त्याच अहवालात लिहिलं आहे की बाहेरच्या चित्रीकरणाला संडास नसतो म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. करार नसतो, पैसे बुडतात. हे सगळं एकाच दोरीत गुंफलेलं आहे. पुढचं काम कोणाच्या फोनवर अवलंबून आहे, यावर बाई किती सहन करते ते ठरतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करायची मुदत आहे तीन महिने. आणि पैसे मिळतात तीन महिन्यांनी. बाई विचार करते, तक्रार केली तर पैसे अडकतील, आधी पैसे हातात येऊ देत. पैसे येतात तेव्हा मुदत संपलेली असते. समितीला आणखी तीन महिने मुदत वाढवता येते, पण त्यासाठी उशीर का झाला हे तिला पटवावं लागतं. त्या अर्जात ‘माझे पैसे देणं होते’ हे कारण स्पष्ट लिहायला आपण बायकांना सांगितलं पाहिजे. आणि समिती कुठे? दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये प्रत्येक चित्रीकरणाच्या युनिटला हे लागू आहे असं स्पष्ट केलं. युनिटच मोडलं असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिथल्या अशासकीय सदस्य कित्येकदा आपल्याच ओळखीच्या असतात.

आमच्या गटाने एक साधी वही छापून घेतली आहे. पानावर सहा रकाने: तारीख, निर्मिती संस्थेचं नाव, सप्लायरचं नाव, कॉलची वेळ, पॅकअपची वेळ, पैसे हातात आले ती तारीख. सुरुवातीला बायका निर्मिती संस्थेचा रकाना रिकामा सोडत, कारण आपण कोणाकडे काम करतोय हे त्यांना खरंच सांगितलेलं नसे. आता त्या जेवणाच्या सुट्टीत क्लॅपवरचं किंवा कॉलशीटवरचं नाव उतरवून घेतात. वहीची प्रत चहाच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांच्या भागात चित्रीकरणं होतात त्यांनी, कोल्हापूर, सातारा-वाईच्या मैत्रिणींनी विशेषतः, जाताना घेऊन जा, आणि तुमच्याकडे सातवा रकाना लागत असेल तर कळवा.