कल्याणला उतरून पाहिलं तेव्हा

(सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एका कोजागिरीला ए विंगच्या काकांनी काश्मीर सांगितलं, पुढच्या वेळी वहिनींनी थायलंड. सेक्रेटरी म्हणाले, या वेळी प्रवासावर तुम्ही बोला. म्हटलं, बोलतो, पण मी कल्याणला गेलो होतो. हसा, हसा. सेक्रेटरीही हसले होते.

आपल्यासाठी कल्याण म्हणजे काय हो? खडवली, टिटवाळा, आंबिवली, शहाड झालं की उतरायचं, जिना चढायचा आणि दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरची फास्ट धरायची. 31 वर्षं मी तेच केलं. खरं तर हिचं माहेर कल्याणचं, पारनाक्याला. पण सासुरवाडीला जायचं तेही रिक्षाने, जेवून परत. ही नेहमी म्हणायची, "अहो, तुम्ही रोज कल्याणला जाता, पण पोचलात कधी?" मी ते हसण्यावारी नेत आलो.

गेल्या वर्षी मेव्हण्याचा फोन आला. वाडा बिल्डरला दिलाय, दिवाळीनंतर पाडणार. ही काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून साडी नेसून दारात उभी. "चला, आज तुम्हाला माझं गाव दाखवते."

गर्दी ओसरल्यावरची गाडी होती. अर्ध्या तासात कल्याण, आणि बसायला जागा! स्टेशनबाहेरचं वर्णन करत नाही. रिक्षा, फेरीवाले, हॉर्न. तिथे माणूस पाच मिनिटं उभा राहिला तर शहराबद्दल वाईटच मत होणार, आणि आपण सगळे तेवढ्यावरूनच मत करून बसलोय. पण आम्ही चालत निघालो. टिळक चौकाच्या पुढे गल्ल्या अरुंद होतात, आवाज कमी होतो. मध्येच एखादं कौलारू घर, लाकडी कठडा, दोन बिल्डिंगांमध्ये अंग चोरून उभं असलेलं देऊळ.

हिने मला आधी वाचनालयाचं सांगितलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं आहे, मंडळी. लहानपणी ही वडिलांचं पुस्तक बदलायला जायची आणि बदलून आणता आणता रस्त्यातच वाचायला लागायची. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1865 साली, आनंदीबाई जोशी जन्मल्या. त्या या गावात वाढल्या. नवव्या वर्षी लग्न, पुढे दहा दिवसांचं मूल गेलं, आणि 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी गेल्या, बावीस वर्षंही पुरी नव्हती. हे शाळेत वाचलेलं होतं. पण त्या आपल्या जंक्शनच्या आहेत, हे इतक्या वर्षांत डोक्यात शिरलं नव्हतं.

मग सुभेदारवाडा. तिथला गणेशोत्सव 1895 पासूनचा. ही म्हणाली, "व्याख्यानं ऐकायला आम्ही पुढे जागा धरायला जायचो." मी म्हटलं, तेव्हा मी जागा धरायचो ती फक्त लोकलमध्ये.

भूक लागली तेव्हा खिडकी वडा. घराच्या खिडकीतून विकायचे म्हणून हे नाव. कल्याणवाल्यांना त्याचा फार अभिमान. खाल्ल्यावर मलाही थोडा झाला.

वाड्याबद्दल जास्त सांगत नाही. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. हिने विहिरीत डोकावून पाहिलं, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थोडी बसली. ती पायरी म्हणे अभ्यासाची. भावाने विचारलं, "ताई, काय हवंय तुला?" सागवानी खांबांना गिऱ्हाईक लागलेलं होतं. हिने दाराची पितळी कडी मागितली. स्क्रूड्रायव्हर मिळेना, शेवटी समोरच्या दुकानदाराने येऊन काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी दुर्गाडीवर गेलो. देवीचं दर्शन घेऊन खाडीकडे तोंड करून बसलो. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी होते. त्यांची नावं तिथे दगडात कोरलेली आहेत. आता शेजारच्या पुलावरून भिवंडीचे ट्रक जात होते आणि खाडीला वास येत होता, तेही सांगायला हवं. पण सूर्य त्याच पाण्यात बुडत होता. ही म्हणाली, "आता पोचलात."

परतीच्या गाडीत मला दुसरंच काही सुचत होतं. ही रेल्वे 1854 ला कल्याणला आली आणि 1855 ला आपल्या वाशिंदला. पुढे काही वर्षं या मार्गावरचं शेवटचं स्टेशन आपलंच होतं. म्हणजे तेव्हा प्रत्येकाला इथे उतरावंच लागायचं! आता कसाऱ्याचे लोक खिडकीतून आपल्याकडे तसंच बघत असणार, जसा मी 31 वर्षं कल्याणकडे बघत होतो.

वाडा आता नाही. तिथे पत्रे ठोकलेत. कडी मात्र बी विंगमध्ये आमच्या दाराला आहे. बेल चालू असली तरी पोरं मुद्दाम तीच वाजवतात, आणि ही आतून "कोण रे?" म्हणून उठते, गुडघे दुखत असले तरी. कमिटीने दाराच्या बाहेरच्या बाजूला बदल केल्याबद्दल विचारलं होतं, त्यांना कोजागिरीच्या साक्षीने सांगतो, ती काढणार नाही.

बाकी, ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं द्या. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून शनिवारी जाऊ. वाट ही दाखवेल, मला अजून गल्ल्या पाठ नाहीत. चला, दूध उकळलंय वाटतं.