आठ पायांची कीड आणि आपले औषधाचे बिल
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मघाशी शेतीमालाच्या भावावर बोलणे झाले. मी खर्चावर बोलणार आहे, आणि तेही एकाच खर्चावर. वांग्या-मिरचीवर मारतो त्या औषधाच्या.

वांग्याच्या पानावर वरून पांढुरके ठिपके, खालून बारीक जाळी. आपण दुकानात जातो. दुकानदार सिंथेटिक पायरेथ्रॉइडची बाटली पुढे करतो. थोड्याच दिवसांत जाळी वाढलेली, म्हणून दुसरी, भारीतली बाटली.

ही कीड म्हणजे लाल कोळी. किड्याला पाय सहा, याला आठ. हा जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या गोतातला. म्हणून किड्यांची बरीच औषधे याला लागतच नाहीत. ती मारतात कोणाला? कोळी खाणाऱ्या ढालकिड्यांना आणि परभक्षी कोळ्यांना. उन्हाळ्यात लाल कोळ्याची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. राखणदार आपणच मारले, मग रान मोकळे. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी पायरेथ्रॉइडच्या फवारण्यांवर फवारण्या झाल्या की पाठोपाठ कोळी वाढतो, तो यामुळे. पदवी घेऊन आलो तेव्हा मीही हीच शिफारस करून मोकळा होत असे. बिल शेतकऱ्याने भरले, मी नाही.

मिरचीचे तर विचारूच नका. पान वळले की 'बोकड्या' म्हणायचे आणि मिळेल ते मारायचे. अहो, पान कुठे वळले ते तरी बघा! कडा वर वळून पान होडीसारखे झाले तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबले, तर पिवळा कोळी. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आणि विषाणूचा बोकड्या असेल तर ते झाड बरे करणारे औषध कोणत्याच दुकानात नाही.

करायचे काय? धुळीच्या रस्त्याकडेच्या ओळी आधी तपासा, कोळी बहुधा तिथून सुरू होतो. पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर कोळी. पिकाला पाण्याचा ताण देऊ नका, युरियाचा हात आवरा. सुरुवातीलाच जाळीची पाने खुडून जाळा. फवारायचेच तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, १० लिटरला ३० ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूने. पारा ३५ अंशांच्या आसपास असेल तेव्हा नको, पाने करपतात. तेलाच्या फवारणीला लागूनही नको. जुन्या पुस्तकांत डायकोफॉल लिहिलेले सापडेल. त्यावर २०२३ मध्ये बंदी आली आहे, कोणी देऊ केले तरी घेऊ नका.

माझी या बैठकीपुढे एक सूचना आहे. औषध देणाऱ्याने पावतीवर किडीचे नावही लिहावे, अशी मागणी आपण करू. नाव लिहिता येत नसेल तर बाटली कशाच्या जोरावर दिली, हे त्याला तिथेच विचारू. ठराव मांडायला मिरचीवाल्या गावांतून कोणी उठावे.

दहापट दाखवणारी दोन भिंगे आणली आहेत. मागच्या टेबलावर वांग्याची पाने ठेवली आहेत. जेवणाआधी प्रत्येकाने पान उलटे करून बघावे, पाय मोजावेत.