माझे बोल, माझे अक्षर



आम्ही मुंबईत घाटकोपरला राहतो. तिथे डोंगरउतारावर दाट वस्ती आहे. दुपारी कामे उरकली, पाणी भरून झाले, की आम्ही दोन तास तिथल्या बायांना लिहायला-वाचायला शिकवतो. त्याचा पगार नाही. पण या कामात आम्हीच पुष्कळ शिकलो. तेच आज सांगणार आहोत.

पहिल्या दिवशी बारा बाया आल्या. कुणी साताऱ्याकडची, कुणी कोकणातली, कुणी जालन्याकडची. आम्ही फळ्यावर लिहिले, 'कमळ', 'बदक'. बाया मुकाट्याने गिरवू लागल्या. महिन्याभरात बाराच्या पाच झाल्या. आम्ही म्हटले, "यांना शिकायची आवडच नाही!"

मग एका मावशींच्या घरी गेलो. "मावशी, का येत नाही?"

मावशी म्हणाल्या, "ताई, बदक शिकून मी काय करू? माझी भन गावाला ऱ्हाते. खोली एक, माणसं सहा. फोनवर बोललं तर सारं घर ऐकतं. पोराच्या हातून लिवलं तर त्याला कळतं. मला तिला मनातलं लिवायचंय."

चूक आमची होती. आम्ही त्यांना विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळा पुसला आणि म्हटले, "मावशी, तुम्ही सांगा, आम्ही लिहितो." मावशींनी जात्यावरची एक ओवी म्हटली. आम्ही ती लिहिली. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवले आणि एकदम म्हणाल्या, "अगं बया, हे तर माझंच बोलणं!" पुढच्या आठवड्यात गेलेल्या बाया परत आल्या.

बायांचे बोल मोलाचे असतात. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव याने ती उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. कुणी लिहून घेतली नसती, तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

आणि जिला स्वतःला लिहिता येते, तिचे काय सांगावे! जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेत मुक्ता नावाची मुलगी शिकली. ती मांग समाजातली. १८५५ साली, चौदा वर्षांची असताना, तिने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. आजही लोक तो वाचतात.

वय झाले, असे म्हणू नका. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन शाळेत बसल्या.

आता मावशींचे पुढे काय झाले ते ऐका. एकदा गावाहून त्यांचा भाऊ कागद घेऊन आला. म्हणाला, "आक्का, अंगठा दे. जमिनीचं साधं काम हाय." मावशींनी कागद हातात घेतला. अक्षर अक्षर जुळवले. वर लिहिले होते, 'हक्कसोड पत्र'. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा तो कागद! हिंदू वारसा कायदा २००५ साली सुधारला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. मावशी भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "कागद ठेव. इचारून सांगते."

त्या रात्री त्यांनी बहिणीला स्वतःच्या हाताने पहिला निरोप लिहिला, "अंगठा देऊ नको. आधी वाच."

हिस्सा ठेवायचा की भावाला द्यायचा, हे त्या दोघी ठरवतील. पण आता त्यांना विचारावे लागेल.

मंडळी, तुम्ही हे वाचता आहात. तुमच्या घरात, शेजारी, कुणीतरी अजून अंगठा देत असेल. रात्री जेवणे झाली की तिच्याजवळ बसा. आधी तिला बोलू द्या. ती बोलेल ते लिहा. मग तिलाच वाचायला सांगा.