आधी आईचीच चौकशी

मूल उशिरा बोलू लागलं की आधी चौकशी होते ती आईची. 'ग्रहण पाळलं नव्हतंस का?' 'नोकरी करतेस, पोराशी बोलतेस कधी?' बाप किती बोलतो, हे कुणी विचारत नाही.

मी वाचा-उपचाराचं काम करते. माझ्याकडे आलेली एक बाई घरी अहिराणी बोलणारी. मुलगा चार वर्षांचा, पण 'माय, पानी' याच्या पुढे गाडी जाईना. बालवाडीतून सांगितलं, घरची बोली बंद करा, शुद्ध मराठीच बोला. झालं! बाईला शुद्ध मराठीत ना रागावता येई, ना लाड करता येत. ती मुलाशी बोलेनाशीच झाली.

हा सल्ला साफ चूक आहे. दोन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. ऐकू नीट येतं, दुसरं ठळक कारण सापडत नाही, तरी भाषा अडते, अशी मुलं सगळीकडे असतात. इंग्लंडमध्ये शाळेत नव्याने आलेल्या मुलांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ती शंभरात सातच्या वर निघाली. तिथल्या आयांनी कुठलं ग्रहण मोडलं होतं?

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या.

त्या बाईला मी अहिराणी परत सुरू करायला लावली. मुलगा 'माय, पानी' म्हणाला, की ती 'माय, माले पानी दे' असं पूर्ण म्हणते आणि पाणी देते. पाठ करून घेत नाही. तो आता तीन शब्द जोडतो. बापालाही निरोप धाडलाय. अजून आलेला नाही.