तेलानं होतं का हो हे?



इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आम्ही चौघी रोज सकाळी तीन फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत गुडघे, दुसऱ्या फेरीत नळाचं पाणी आणि तिसऱ्या फेरीत तेल, असे विषय जणू ठरलेले. मी आहारशास्त्राची माणूस, त्यामुळे तेलाचा प्रश्न माझ्याकडेच येतो. कुणी रिफाइंड सोडून लाकडी घाण्यावर आलेलं असतं, कुणी सूर्यफुलावरून करडईवर. पण मध्यंतरी आमच्यातल्या एकीच्या नणंदेच्या छातीत गाठ निघाली, आणि त्या सकाळी तोच प्रश्न दबक्या आवाजात आला. "ताई, तेलानं होतं का हो हे?"

याचं उत्तर चालता चालता देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज इथे देते.

हा संशय आजकालचा नाही. 1942 साली शिकागोच्या अल्बर्ट टॅनेनबॉम यांनी उंदरांना जास्त स्निग्ध आहार दिला, तर माद्यांच्या स्तनांत गाठी वाढल्या. पुढे 1975 मध्ये कॅनडाच्या केनेथ कॅरॉल यांनी देशोदेशीचे आकडे मांडले. ज्या देशात तेल, लोणी आणि चरबी जास्त खाल्ली जाते, तिथे स्तनाच्या कर्करोगानं दगावणाऱ्या बायका जास्त. मग काय, तेल-लोणी आरोपीच्या पिंजऱ्यात!

आपल्या महाराष्ट्रातही असंच एक कोडं आहे. कर्करोगाच्या रुग्णांची नोंद मुंबईत 1963 पासून ठेवली जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर स्तनाचा कर्करोग मुंबईत कितीतरी जास्त दिसतो. चटकन वाटतं, शहरातल्या तळणाचा हा परिणाम. पण थोडं थांबा. त्या काळातल्या बार्शीकडच्या खेड्यातली बाई डोळ्यांपुढे आणा. लग्न लवकर, पहिलं बाळ विशीच्या आसपास, तीन-चार मुलं आणि प्रत्येकाला वर्ष-दीड वर्ष अंगावर पाजलेलं. दिवसभर रानात काम. मुंबईच्या बाईचं पहिलं मूल उशिरा, मुलं कमी, काम बसून. मुंबईच्या पारशी बायकांमध्ये हा आजार पूर्वीपासून अधिक दिसत आला आहे. त्यांच्यातही लग्नं उशिरा, मुलं कमी. बाळंतपणं आणि अंगावर पाजणं यांचा स्त्रीच्या हार्मोनशी थेट संबंध आहे, आणि हार्मोनचा या आजाराशी. मग दोष तेलाचा, की या बाकीच्या गोष्टींचा? नुसत्या वह्या चाळून ते कळत नाही.

आणि हे ऐकून कुणी मुलींची लग्नं लवकर लावायला निघू नये. बार्शीच्या त्याच वहीत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईहून जास्त होतं, आणि लवकर लग्न व जास्त बाळंतपणं हे त्यामागचं एक कारण आहे.

तर मग खरं-खोटं करायचं कसं? अमेरिकेत सुमारे 90 हजार परिचारिकांकडून त्या काय खातात ते लिहून घेतलं आणि वाट पाहिली. 1987 मध्ये वॉल्टर विलेट यांनी निष्कर्ष मांडला. जास्त स्निग्ध खाणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या परिचारिकांमध्ये या आजाराचा फरक आढळला नाही. लोकांचा विश्वास बसेना. म्हणून 1993 पासून तिथेच आणखी मोठा प्रयोग झाला. पाळी गेलेल्या 48 हजार 835 बायका. त्यांतल्या एका गटाला सांगितलं, तेल-लोणी कमी करा. भाजी, फळं, धान्य वाढवा. दुसऱ्या गटाला नेहमीचंच जेवू दिलं. सरासरी आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवून 2006 मध्ये निकाल आला. पहिल्या गटात रोग 9 टक्के कमी, पण एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. त्या बायकांना ठरवून दिलेलं उद्दिष्टही गाठता आलं नव्हतं. तोंडाची चव सोडणं तिकडेही अवघडच! पुढे सुमारे 20 वर्षांनी पाहिलं तेव्हा या रोगानं झालेले मृत्यू त्या गटात 21 टक्के कमी निघाले. मात्र त्यांनी भाजी-फळंही वाढवली होती, वजनही थोडं उतरवलं होतं. श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही.

मग तेल निर्दोष सुटलं का? इथे आपली मराठी मदतीला येते. ताटात असतं त्याला आपण तेल-तूप म्हणतो आणि अंगावर चढते तिला चरबी. दोन वेगळे शब्द, आणि दोन वेगळ्या गोष्टी. ताटातल्या तेलावरचा आरोप ढिला पडला. अंगावरच्या चरबीवरचा मात्र पक्का होत गेला. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः बीजकोशात तयार होतं. पाळी गेली की तो कारखाना बंद पडतो. मग चरबीच्या पेशी अॅरोमॅटेज नावाच्या विकराच्या साहाय्यानं इस्ट्रोजेन बनवू लागतात. चरबी जितकी जास्त, तितकं हे उत्पादन जास्त, आणि स्तनातल्या अनेक गाठी याच हार्मोनवर पोसतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 मध्ये लठ्ठपणाशी जोडलेल्या कर्करोगांच्या यादीत पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग ठेवला.

तेल या गोष्टीत शिरतं ते इथून, मागच्या दारानं. एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी. तेल घाण्याचं असो की रिफाइंड, आकडा तोच. बैठं काम करणाऱ्या बाईला तूप-लोणी धरून दिवसाला 20 ग्रॅम पुरे, असं आपल्या आयसीएमआरनं सांगितलंय. पुरुषाला 25. मी घरी एक गंमत केली. पाच लिटरचा कॅन फोडला आणि त्याच्यावर मार्करनं तारीख टाकली. आम्ही दोघंच. हिशेबानं तो शंभर दिवस जायला हवा. तो 58व्या दिवशी उपडा घालून निथळायची वेळ आली! आणि तुपाची बरणी मी हिशेबात धरलीच नव्हती. गेलं कुठे तेल? रविवारच्या मिसळीच्या तर्रीत, चिवड्याच्या फोडणीत, आणि "भाजी खाली लागेल" या भीतीनं रोज घातलेल्या अर्ध्या पळीत. तेव्हापासून फोडणीला पळीऐवजी चहाचा चमचा घेतला आहे. भाजीला झाकण ठेवून वर पाणी ठेवलं की ती लागत नाही, हे आईला माहीत होतं. मीच विसरले होते.

तर ट्रॅकवरच्या मैत्रिणीला मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. मग विचारलं, "तू स्वतः कधी तपासून घेतलंस का गं?"

ती म्हणाली, "मी? मी तर घाण्याचं तेल वापरते."

श्रोतेहो, खरी अडचण ही आहे. तेल बदललं की आपण सुटलो असं वाटतं. भारतात 2022 या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना हा रोग नव्यानं झाल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या पुष्कळ जणी उशिरा दवाखान्यात येतात. गाठ दुखत नाही, म्हणून ती मनावर घेतली जात नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं 1998 मध्ये दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू केला. साध्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी निम्म्या बायकांची स्तन-तपासणी हातानं करत. मशीन नाही, क्ष-किरण नाही. 2021 मध्ये निकाल छापून आला. पुढच्या पायरीला गेलेला रोग न तपासलेल्यांत 47 टक्के होता, तपासलेल्यांत 37 टक्के. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. कुठलंही तेल बदलून एवढा गुण आल्याचं मी वाचलेलं नाही.

तिशी ओलांडलेल्या बाईची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामातच धरलेली आहे. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी आत ओढली जाणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, बोंडातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर "सण होऊ दे, मग बघू" म्हणू नका.

त्या सकाळी आम्ही चौथी फेरी मारली. ट्रॅकबाहेर पडताना ती मैत्रीण हळूच म्हणाली, "ताई, एकटीला लाज वाटते हो. तुम्ही याल बरोबर?" सोमवारी आम्ही चौघीही जाणार आहोत.