घरची क्रीम, घरचं उटणं : काय घ्यावं, काय टाळावं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने क्लब हाऊसमध्ये आयोजित केलेल्या कार्यक्रमातील भाषण. बऱ्याच जणींनी प्रमाणं लिहून मागितली, म्हणून स्मरणिकेसाठी दिले आहे.)



मंडळाने मला विषय दिला होता ‘घरगुती सौंदर्यप्रसाधने’. विषय फार मोठा आहे, म्हणून मी तो जरा आटवून घेतलाय. केस आणि त्वचा मऊ राहावी म्हणून आपण घरच्या घरी जे काही कालवतो, त्यात काय घालावं आणि काय घालू नये, एवढंच बोलणार आहे. मागे बसलेल्या पुरुष मंडळींनीही ऐकायला हरकत नाही. टाचा त्यांच्याही फुटतात.

आपल्यापैकी जे पहिल्या वर्षापासून इथे राहतात त्यांना आठवत असेल, तेव्हा महापालिकेचं पाणी नव्हतं. बोअरचं पाणी आणि वर टँकर. बादल्यांवर पांढरा थर, गीझरची कॉइल दर वर्षी बाद, आणि केस म्हणजे नुसता काथ्या. प्रत्येक जण शाम्पू बदलत होता. मी तेव्हा कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. एका रविवारी मी दोन बाटल्या घेतल्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत गच्चीवर धरलेलं पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा तेवढाच कीस टाकून हलवलं. पावसाच्या पाण्यात बाटलीभर फेस झाला, बोअरच्या पाण्यात नासलेल्या दुधासारखा चोथा. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, त्याचा तो चोथा. तोच केसांवर बसत होता. बाटल्या मी लिफ्टजवळच्या टेबलावर ठेवल्या होत्या. वॉचमनने दुसऱ्या दिवशी फेकून दिल्या, पण तोवर बऱ्याच जणांनी बघितल्या.

शिकेकाईचं महत्त्व मला तेव्हा नीट कळलं. शिकेकाईत साबण नसतो. तिचा फेस वेगळ्या द्रव्यांचा, सॅपोनिनचा. त्यामुळे जड पाण्यात तिचा असा चोथा होत नाही. शिवाय ती किंचित आंबट असते, आणि केसांना आंबट मानवतं. साबण अल्कली असतो, त्याने केसांवरचे खवले उघडतात आणि केस एकमेकांत अडकतात. आपल्या आज्या साबणाने न्हाल्यावर शेवटच्या तांब्यात लिंबू पिळायच्या, तो याच कारणाने. खायचा सोडा केसांना लावतात, तो मात्र कृपा करून लावू नका. तोही अल्कलीच.

आता ‘कंडिशनिंग’ म्हणजे काय? मला विचाराल तर ती वेगवेगळी कामं आहेत आणि आपण सगळ्यांना एकच नाव देऊन घोटाळा करतो. काही पदार्थ पाणी धरून ठेवतात, जसं ग्लिसरीन, मध. काही पाणी उडू देत नाहीत, म्हणजे तेलं, तूप, कोकमतेल. काही नुसते वरून बुळबुळीत लेप देतात, म्हणजे जास्वंदीची पानं, मेथी, जवस, कोरफड. आणि काही केसाला चिकटून बसतात, धुतलं तरी थोडे मागे राहतात. आपल्याला नेमकं काय हवंय ते आधी ठरवावं, मग डबा उघडावा. एकाच वाटीत मेथी, अंडं, दही, मध, केळं, कांद्याचा रस घालण्यात काही अर्थ नाही. केळ्याचे तंतू केसांतून काढताना जेवढे केस तुटतात तेवढे एरवी महिनाभरात तुटत नसतील. अंड्यातलं प्रथिन केसांत शिरत नाही, त्याचे रेणू फार मोठे असतात. गरम पाण्याने धुतलंत तर डोक्यावर भुर्जी होते ती वेगळीच. दह्याबद्दल माझी तक्रार नाही. आंबटपणा आणि स्निग्धता दोन्ही असतात, ताजं असलं की झालं.

खोबरेल तेलाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण हल्ली मुली त्याला ‘चिपचिप’ म्हणून नाकं मुरडतात. बहुतेक तेलं केसांच्या वर बसतात. खोबरेल आत शिरतं. त्यातलं लॉरिक अॅसिड लहान आणि सरळ साखळीचं असतं, म्हणून ते केसाच्या आत जाऊ शकतं. रेले आणि मोहिले या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसांतलं प्रथिन वाहून जातं, ते लक्षणीय कमी झालं फक्त खोबरेलाने. (ते दोघं खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हेही सांगते. पण प्रयोग नीट केलेला आहे.) यातली मेख अशी की तेल न्हाण्याच्या आधी लावायचं. केस पाण्यात फुगतो, सुकताना आकसतो, परत फुगतो, आणि यात तो झिजतो. आधीच आत गेलेलं तेल हे फुगणं कमी करतं. म्हणजे शनिवारी रात्री तेल आणि रविवारी सकाळी न्हाणं, ही जुनी रीत बरोबर होती. चेहऱ्याला मात्र, मुरमं येत असतील तर, खोबरेल लावू नका. छिद्रं बुजतात.

दिवाळीच्या अभ्यंगातही हाच क्रम आहे. आधी अंगभर तेल जिरवायचं, मग उटणं. कंडिशनर म्हणाल तर तेल. मसुराचं पीठ, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद हे उटणं फक्त जादा तेल आणि मळ काढतं, तेलाचा पातळ थर अंगावर राहतो. नुसतं कोरडं उटणं घासून ‘त्वचा ओढतेय’ म्हणणाऱ्यांनी तेल विसरलेलं असतं.

टाचांसाठी कोकणातलं कोकमतेल. सिंधुदुर्गाकडच्या मैत्रिणी मुठेल म्हणतात, कारण मुठीत वळून त्याचे गोळे करतात. कोकमाच्या बियांचं हे तेल आपल्या हवेत घट्टच राहतं, त्वचेच्या उबेने वितळतं. गोळा जरा ऊन करून रात्री टाचेला घासायचा आणि वर सुती मोजे. दुसरं काही करायची गरज नाही.

ग्लिसरीन सरळ बाटलीतून लावू नये. शंभर ग्रॅममध्ये तीन ते पाच ग्रॅम पुरे. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन हवेतून पाणी घेऊ शकत नाही, मग ते त्वचेतलंच ओढतं. कोरफडीचं पान कापलं की पिवळा चीक येतो, तो खाज आणतो. पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून चीक गळू द्यावा, मग धुऊन गर काढावा. आणि लिंबाचा रस चेहऱ्याला लावून गच्चीवर पापड वाळवायला जाऊ नका. लिंबू आणि ऊन एकत्र आलं की त्वचा भाजते, काळे डाग पडतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत.

आता जी गोष्ट सांगायला मी खरं म्हणजे हा विषय घेतला, ती.

२०२० च्या दिवाळीत, लॉकडाऊनच्या वर्षी, फराळाची देवाणघेवाण बंद होती. मी ठरवलं की आपण केसांची क्रीम करून वाटू. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, खोबरेल, आणि ‘टिकायला’ म्हणून व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल. चोवीस डब्या भरल्या, वर छान लेबलं लावली आणि दारांच्या कड्यांना पिशव्या अडकवल्या. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी फोन करून कौतुक केलं होतं.

सी विंगमधल्या एका वहिनींची तेव्हा केमोथेरपी नुकतीच संपली होती. केस परत यायला लागले होते, अगदी बाळाच्या जावळासारखे. त्या रोज रात्री ती क्रीम टाळूला आणि मानेवर लावत. पाचव्या आठवड्यात मानेवर आणि टाळूवर पू भरलेले फोड आले. आधीच प्रतिकारशक्ती कमी, त्यामुळे घरचे घाबरले. डॉक्टरांनी विचारलं, काय लावता? डबी नेऊन दाखवली. झाकणाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके होते. दहा दिवस अँटिबायोटिक आणि डोकं परत पूर्ण साफ.

हे मला कोणी सांगितलं नाही. त्या मला रोज भेटत होत्या, ‘काय ताई, कशा आहात’ म्हणत होत्या. सहा महिन्यांनी त्यांच्या सुनेच्या तोंडून सहज निघून गेलं. मी त्यांच्या घरी गेले, काय बोलावं कळेना. त्या म्हणाल्या, “तुम्ही प्रेमाने दिलीत, मी काय गावभर सांगू?” मी एकतीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई. मीडियाची बशी उघडी राहिली तर दोन दिवसांत तिच्यावर काय उगवतं हे मी बायॉलॉजीच्या मुलांना दाखवत असे. घरी आल्यावर मात्र ते सगळं मी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवलं होतं. बाकीच्या तेवीस डब्यांचं काय झालं असेल, हे मी कोणालाही विचारलं नाही. आज विचारते, आणि माफीही मागते. वहिनींची परवानगी घेतली आहे. “नाव नका घेऊ, पण सांगा,” म्हणाल्या.

चूक कुठे झाली ते सांगते. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही. जंतूंना आणि बुरशीला ते अडवत नाही. लोणच्याच्या बरणीत आपण ओला चमचा घालू देत नाही. तिथे तर मीठ आहे, तेल आहे, मोहरी आहे. माझ्या डबीत यातलं काहीही नव्हतं, नुसतं पाणी आणि कोरफडीचा गर, म्हणजे बुरशीला आयतं जेवण. शिवाय बाथरूममध्ये ठेवलेली डबी, रोज ओली बोटं. आपल्या आज्यांचं शहाणपण बघा. शिकेकाई कोरडी, उटणं कोरडं, तेलात पाणी नाही, मुठेलात पाणी नाही. ओलं जे काही असायचं, मेथी भिजवलेली, जास्वंद वाटलेली, ते त्या दिवशीचं त्या दिवशी संपायचं.

म्हणून घरी करताना मी आता आधी एकच विचारते, यात पाणी आहे का? नसेल तर कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्याने, महिनोन्‌महिने चालतं. असेल तर फ्रिजमध्ये आणि आठवड्याच्या आत संपवायचं. जवसाची जेल याच प्रकारातली. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळायचे, तार धरू लागली की गरम असतानाच मलमलीतून गाळायचं, गार झाल्यावर निघत नाही. कुरळ्या केसांना फार छान. पण वास बदलला की बेसिनमध्ये.

आणि महिनाभर टिकणारंच हवं असेल तर प्रिझर्वेटिव्हला घाबरू नका. शंभर ग्रॅम कंडिशनरसाठी : उकळलेलं पाणी ८७ ग्रॅम, बीटीएमएसचे दाणे ५, सिटाइल अल्कोहोल ४, ग्लिसरीन ३ आणि प्रिझर्वेटिव्ह १. ग्लिसरीन पाण्यातच घालायचं. दाणे आणि सिटाइल अल्कोहोल वेगळ्या भांड्यात वितळवायचं. दोन्ही भांडी साधारण ७५ अंशांवर आणून एकत्र करायची, गार होईपर्यंत ढवळायचं, आणि ४० अंशांच्या खाली आलं की प्रिझर्वेटिव्ह. मी फिनॉक्सीइथॅनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीनचं तयार मिश्रण वापरते. नाव लांबलचक आहे, काम चोख करतं. वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो, चमच्याचं माप इथे चालत नाही.

बीटीएमएसचं पूर्ण नाव वाचून एक जण मला म्हणाली, “ताई, यात सल्फेट आहे!” बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट. नावात सल्फेट असलं तरी हा शाम्पूतला फेस करणारा सल्फेट नव्हे. केसांवर, विशेषतः जिथे ते खराब झालेत तिथे, ऋण भार असतो. याचा भार धन. म्हणून तो नेमका खराब जागी जाऊन चिकटतो. जे तेलाला आणि जवसाला जमत नाही ते हा करतो. त्यातलं बेहेनिक आम्ल बहुधा मोहरीच्याच कुळातल्या रेपसीडपासून काढतात. सिटाइल अल्कोहोलही स्पिरिटसारखं नाही, मेणासारखे पांढरे तुकडे असतात, ते केस कोरडे करत नाहीत. आणि मुलं ताटात टाकतात त्या गवारीच्या बियांच्या डिंकालाही असाच धन भार देऊन शाम्पूत घालतात. ‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल’ असा झगडा मी आता सोडून दिलाय. कोरफडीने वहिनींचं डोकं पिकलं, आणि लांब नावाच्या बाटलीने ते टळलं असतं.

कुठलंही नवं काही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला आणि ज्यांचं औषध चालू आहे त्यांना घरचं ओलं काहीही देऊ नका, माझ्याकडचंसुद्धा.

मागच्या दिवाळीला मी परत वाटप केलं. फक्त उटणं, कोरडं, कागदी पुडीत, वर तारीख घालून. सी विंगला स्वतः गेले. वहिनींचे केस आता चांगले खांद्यापर्यंत आलेत. त्यांनी पुडी उघडली, वास घेतला, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “पाणी नाही ना ताई यात?”